रंगांचा कारभार

तोक्योच्या ईशान्येस, कांतोच्या सपाट मैदानातून एकाएकी वर आलेल्या त्सुकुबा पर्वताला जपानी रसिकांनी ‘जांभळे शिखर’ असे बिरुद बहाल केले आहे, आणि त्याच्या दक्षिणेस 1973 मध्ये स्थापन झालेल्या त्सुकुबा विद्यापीठाने तोच जांभळा रंग आपला म्हणून पत्करला आहे. रंगाचा हा उपयोग भावनेचा आणि अभिमानाचा. तो सर्व देशांत आढळतो आणि त्याविषयी लिहिलेही पुष्कळ गेले आहे. परंतु याच नगरीत रस्त्याच्या कडेला, प्रयोगशाळेच्या दारावर, रुग्णालयाच्या भिंतीत आणि नकाशाच्या कागदावर असे कितीतरी रंग आहेत, की जे कोणाला मोहविण्यासाठी लावलेले नाहीत. ते चाकरीला ठेवलेले रंग आहेत. कोणी कोठे थांबावे, कोणते दार उघडू नये, पूर येत असता घरातून केव्हा बाहेर पडावे, हे त्यांनी एका दृष्टिक्षेपात सांगायचे असते. आणि ज्याला लिपी येत नाही, ज्याला घाई आहे किंवा भीतीने ज्याला काही सुचेनासे झाले आहे, त्यालाही त्यांचे सांगणे कळावे लागते. या चाकर रंगांविषयी प्रस्तुत प्रकरणात लिहावयाचे आहे.

त्यांचा विचार करण्यास त्सुकुबासारखे सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. राजधानीत दाटीवाटीने बसलेल्या संशोधनसंस्था येथे हलविण्याचा निर्णय जपानच्या मंत्रिमंडळाने 1963 मध्ये घेतला, 1970 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि 1980 पर्यंत चाळीसहून अधिक सरकारी संस्थांचा मुक्काम येथे पडला. देशाचे नकाशे काढणारे ‘कोकुदो चिरिइन’ हे खाते, हवामानशास्त्राची संशोधनसंस्था, औद्योगिक मानकांसाठी मोजमापे करणारी राष्ट्रीय संस्था, आणि के.ई.के. या नावाने ओळखली जाणारी कणभौतिकीची प्रयोगशाळा या सगळ्या येथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. रंगाला अर्थ कोण देतो, तो अर्थ कोणाच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो आणि कोणाच्या नाही, आणि न पोहोचल्यास काय घडते, या तिन्ही प्रश्नांचा अभ्यास एकाच शहराच्या हद्दीत चालतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावरच मिळते. येथील खाजगी मोटारीची पाटी पांढरी असते आणि तिच्यावर हिरवे आकडे असतात. लहान इंजिनाच्या हलक्या मोटारीची पाटी पिवळी, भाड्याने प्रवासी वा माल नेणाऱ्या वाहनाची हिरवी, आणि अशाच धंद्यातल्या हलक्या वाहनाची काळी, पिवळ्या आकड्यांची. पुण्याहून किंवा नागपूरहून येथे आलेला मनुष्य हे पाहून प्रथम गोंधळतो, कारण त्याच्या मुलखात पिवळी पाटी म्हणजे भाड्याचे वाहन, हिरवी म्हणजे विजेवर चालणारे, आणि पिवळ्या आकड्यांची काळी पाटी म्हणजे स्वतः चालविण्यासाठी भाड्याने घेतलेली मोटार. रंग तेच, वस्तूही तीच, केवळ सनद देणारे सरकार निराळे. आणि तेवढ्याने अर्थ समूळ पालटतो. रक्ताचा आणि अग्नीचा म्हणून तांबडा रंग भयसूचक, पालवीचा म्हणून हिरवा अभयाचा, अशी नैसर्गिक उपपत्ती आपण सहज मांडतो, आणि तिच्यात तथ्यांश नाही असेही नाही. परंतु कारभारातले बहुतेक रंग निसर्गाच्या आज्ञेत नसतात, ते जाहीरनाम्याच्या आज्ञेत असतात. जपानमधील टपालपेट्या आरंभी, 1872 च्या सुमारास, काळ्या होत्या. रात्रीच्या अंधारात त्या दिसेनात, म्हणून 1901 पासून तांबड्या पेट्यांचा प्रयोग झाला आणि पुढे तांबडा रंगच कायम झाला. तेथे तांबड्याचा धोक्याशी काडीचाही संबंध नाही, आणि म्हणूनच पेटीजवळ जाण्यास कोणी कचरत नाही.

महाराष्ट्रात या सत्याचा सर्वांत ठळक दाखला शिधापत्रिकेचा आहे. 1 मे 1999 पासून राज्य सरकारने उत्पन्नाप्रमाणे पिवळी, केशरी आणि शुभ्र अशी तीन रंगांची शिधापत्रिका सुरू केली, आणि अल्पावधीतच ‘पिवळे कार्ड’ हा शब्द दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा पर्याय होऊन बसला. पिवळ्या रंगात गरिबीचे काहीही नाही. खंडोबाचा भंडारा पिवळा, लग्नातली हळद पिवळी. तरीही रेशनच्या दुकानापुढील रांगेत तो रंग कुटुंबाचे उत्पन्न चारचौघांत सांगून मोकळा होतो. रंगाने कारभार सोपा होतो हे खरे, परंतु ज्या गोष्टी माणसाला झाकून ठेवाव्याशा वाटतात त्याही तो उघड्या करतो, आणि योजना आखणाऱ्याने ही बाजू मसुद्याच्या वेळीच तोलून पाहिली पाहिजे, असे मला वाटते.

सनद एकाच हातून निघाली तर अर्थ स्थिर राहतो. दोन हातांतून निघाली तर काय होते याचे उदाहरण जपानी रुग्णालयांत आहे, आणि ते इतके उद्बोधक आहे की त्यावर थोडे थांबावे लागेल. त्या देशात दाबाखालील वायूंच्या सिलिंडरांचे रंग उच्चदाब वायूंच्या कायद्याने ठरलेले आहेत: प्राणवायूचा काळा, हायड्रोजनचा तांबडा, क्लोरिनचा पिवळा, अमोनियाचा पांढरा, आणि कार्बन डायऑक्साइडचा हिरवा. उलट रुग्णाच्या उशाशी भिंतीतून जे वायूंचे नळ निघतात त्यांचे रंग वैद्यकीय उपकरणांच्या औद्योगिक मानकाने ठरलेले आहेत, आणि त्या मानकात हिरवा रंग प्राणवायूला दिला आहे. काळा रंग आहे तो स्राव ओढून घेणाऱ्या शोषणनळीला. म्हणजे ज्या परिचारिकेच्या डोळ्यांना दिवसरात्र भिंतीवरच्या हिरव्या तोंडातून प्राणवायू घेण्याची सवय जडली आहे, तिला रुग्ण हलविताना घाईत सिलिंडर घ्यावयाचा झाला, तर तिचा हात हिरव्या सिलिंडराकडे जाणे स्वाभाविक आहे. आणि त्यात प्राणवायू नसतो, असतो तो कार्बन डायऑक्साइड. अशा अदलाबदली प्रत्यक्ष घडल्या आहेत आणि तेथील आरोग्ययंत्रणेने त्याबद्दल पुनःपुन्हा इशारेही दिले आहेत. दोन्ही नियम आपापल्या जागी विचारपूर्वक केलेले होते. कारखान्यातील कामगारासाठी एक, रुग्णालयातील परिचारिकेसाठी दुसरा. दोन्ही खात्यांचे अंमलदार दक्ष होते, आणि अपघात झाला तो दोन खात्यांच्या सीमेवर, जेथे एकच मनुष्य दोन्ही नियमांच्या अमलाखाली सापडतो. म्हणूनच सिलिंडरावरची चिठ्ठी वाचल्याखेरीज वायू जोडू नये असे तेथे निक्षून सांगितले जाते. एखादा रंग जुना आणि सर्वत्र रुजलेला असला की तो बदलणे अवघड होते, कारण बदलाच्या काळात जुने आणि नवे दोन्ही अर्थ एकाच वेळी वावरत राहतात, आणि तो संधिकाल मूळ दोषाहूनही घातक ठरू शकतो.

आपल्याकडेही असा एक हिरवा रंग आहे. 1971 च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे औषधाच्या डब्यावर एक चौकोन टोकावर उभा केलेला असतो, आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: अत्यंत विषारी तो तांबडा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य तो हिरवा. विषांची आपापसांतली तुलना म्हणून ही उतरंड निर्दोष आहे. परंतु वाणसामानाच्या पुड्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका पाहून निर्धास्त होणारा जो मनुष्य शेतात जातो, त्याला हिरव्या त्रिकोणाचा अर्थ ‘हेही विषच आहे’ असा लागावा, ही अपेक्षा फार मोठी आहे. तांबड्या त्रिकोणाची गोष्ट तर याहून चमत्कारिक: 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खाली टोक केलेला लाल त्रिकोण ही कुटुंबनियोजनाची खूण म्हणून भिंतीभिंतींवर रंगविलेली होती, आणि ती सुखी संसाराचे आश्वासन देत होती.

के.ई.के. प्रयोगशाळेत किरणोत्साराची तीन पाकळ्यांची खूण आढळते, आणि तिच्या पाकळ्या जांभळट-किरमिजी, पिवळ्या भूमीवर असतात. आंतरराष्ट्रीय मानकात त्या काळ्या आहेत. ही खूण 1946 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत निर्माण झाली, तेव्हा ती निळ्या भूमीवर किरमिजी होती, आणि पिवळी भूमी तिला नंतर मिळाली. किरमिजी रंग त्या वेळी दुसऱ्या कोणत्याही कामावर नेमलेला नव्हता, तो मोकळा होता, आणि खुणेला असा मोकळा रंग मिळणे हे मोठे भाग्य होय. के.ई.के.मधील बेल प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी झाले आहेत, आणि तेथील ‘फोटॉन फॅक्टरी’त एक किरणशलाका भारताच्या खर्चाने चालविली गेली आहे, तेव्हा देशी काळी पाकळी आणि जपानी किरमिजी पाकळी अशा दोन्ही ओळखीच्या असलेले लोक आपल्यात आहेत. त्यांची फसगत होत नाही, कारण रंग बदलला तरी आकृती तीच राहिली आहे. अर्थाचा भार आकृतीने उचलला की रंगाला थोडी मोकळीक मिळते. हे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा भाग समजण्यास सोपा जाईल.

आता दुसरा प्रश्न: रंग पोहोचतो कोणाच्या डोळ्यापर्यंत? जपानी पुरुषांपैकी सुमारे पाच टक्क्यांना तांबडा आणि हिरवा यांतील भेद इतरांसारखा दिसत नाही; युरोपीय पुरुषांत हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास असते. या दोषाची परीक्षा घेणारे ठिपक्यांचे तक्ते जगभर वापरले जातात, आणि आपल्याकडे रेल्वेच्या इंजिनचालकापुढेही ठेवले जातात, ते तोक्योचे नेत्रवैद्य शिनोबु इशिहारा यांचे. 1917 साली ते प्रसिद्ध झाले. एका दृष्टीने पाहता हे तक्ते डोळ्याची परीक्षा घेतात आणि नापास झालेल्याला काही कामांपासून दूर ठेवतात. त्सुकुबात जे काम झाले त्याची दिशा उलट होती: तेथे परीक्षा रंगाची घेतली गेली, आणि नापास ठरला तर रंगाने बदलावे, डोळ्याने नव्हे.

औद्योगिक विज्ञान व तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेतील संशोधकांनी तरुण आणि वृद्ध अशा दोन्ही वयांच्या माणसांना, भरपूर उजेडात आणि मंद उजेडात, रंगांचे नमुने दाखवून कोणता रंग कोणत्या मूळ रंगाच्या कुळातला वाटतो याची नोंद केली. म्हातारपणी डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश कमी प्रमाणात आत येतो. म्हणून गडद निळा आणि काळा, पांढरा आणि फिका पिवळा यांतले अंतर मिटत जाते, आणि तिन्हीसांजेच्या उजेडात ते आणखी मिटते. प्रत्येक रंगाच्या कुळाची हद्द वयाप्रमाणे कोठे सरकते हे या मोजणीतून कळले, आणि कोणते दोन रंग शेजारी ठेवले असता ते सत्तरीच्या माणसालाही निराळे दिसतील, हे अंदाजाने न ठरविता कोष्टकावरून सांगता येऊ लागले. त्यावरून 2006 मध्ये जपानी मानक झाले आणि 2016 मध्ये त्याच धर्तीवर आंतरराष्ट्रीय मानकही प्रसिद्ध झाले. या कामाचा मला फार आदर वाटतो, कारण यात कोणाचे नाव गाजत नाही, एखाद्या दवाखान्यातली पाटी एखाद्या आजोबांना वाचता येते एवढेच त्याचे फळ असते, आणि ते फळ पदरात पडलेल्यालाही त्यामागे कोष्टक आहे याचा पत्ता नसतो.

2018 मध्ये जपानने सुरक्षाचिन्हांचे रंग नव्याने ठरविले. तांबडा, केशरी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळट-किरमिजी हे सहा रंग नावाने तेच राहिले, पण छटा बदलल्या. तांबडा थोडा उजळ करून शेंदराकडे झुकविला. कारण असे की काही माणसांच्या डोळ्यांना शुद्ध तांबडा काळपट दिसतो, आणि काळ्या फलकावर तांबड्या दिव्यांनी लिहिलेला मजकूर तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. ज्यांना नेहमी नीट दिसते त्यांच्या लक्षातही न येणारा हा बदल, ज्यांना दिसत नव्हते त्यांच्यापुरता मात्र निर्णायक आहे. भारतातही याच विचाराने एक दुरुस्ती झाली. शाकाहारी पदार्थाच्या वेष्टनावर हिरवा ठिपका आणि सामिष पदार्थाच्या वेष्टनावर तपकिरी ठिपका ही पद्धत 2001 पासून चालत आली होती. हिरवा आणि तपकिरी हे दोन रंग नेमके असे की ज्यांत रंगांध माणसाची सर्वाधिक फसगत व्हावी. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी सामिष पदार्थाचा तपकिरी ठिपका काढून तेथे तपकिरी त्रिकोण आणला, आणि ज्या देशात या खुणेशी कोट्यवधी लोकांचा धर्म आणि आचार निगडित आहे, तेथे एका आकृतीने रंगाच्या मदतीला धावून जावे हे सर्वथा उचित झाले.

त्सुकुबात दृष्टिहीन आणि बधिर विद्यार्थ्यांसाठी चालणारे राष्ट्रीय तंत्रविद्यापीठ आहे. त्याचा आरंभ 1987 मध्ये महाविद्यालय म्हणून झाला. दृष्टिहीनांसाठी पदपथावर उठावाच्या रेघांचे आणि ठिपक्यांचे जे पिवळे पट्टे आज मुंबईच्या मेट्रोतही दिसतात, त्यांचा जन्म जपानचा: सेइइची मियाके यांनी ते 1965 मध्ये शोधून काढले आणि 1967 च्या मार्चमध्ये ओकायामा येथे अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ते प्रथम बसले. अंध माणसाच्या पावलासाठी केलेल्या वस्तूला रंग कशाला, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु ज्यांना आपण अंध म्हणतो त्यांतील पुष्कळांना थोडेफार दिसत असते, आणि करड्या फरसबंदीवर पिवळा पट्टा त्यांना पावलाआधी डोळ्यांनी सापडतो. आपल्या शहरांत सुशोभीकरणाच्या नावाखाली हेच पट्टे फरशीला शोभतील अशा राखी रंगाचे बसविलेले मी पाहतो तेव्हा मनाला यातना होतात. ज्याच्यासाठी ते बसविले त्याच्यापासूनच ते लपविले गेलेले असतात.

तिसरा प्रश्न, अर्थ न पोहोचल्यास काय घडते हा, नकाशावर येऊन ठेपतो, आणि तो जिवावरचा आहे. नकाशाखात्याचे पंचवीस हजारांश प्रमाणाचे नकाशे दीर्घकाळ तीनच शाईंत छापले जात: काळी, पाण्यासाठी निळी, आणि उंचीच्या रेषांसाठी तपकिरी. 2013 पासून ते बहुरंगी झाले. आपल्या सर्वेक्षण खात्याच्या नकाशांतही पाणी निळे, उंचीच्या रेषा तपकिरी, वनराई हिरवी, शेती पिवळी आणि वस्ती तांबडी असा शिरस्ता आहे. निळा म्हणजे पाणी हा संकेत इतका जुना आणि इतका सार्वत्रिक, की पूर कोठवर येईल हे दाखविणाऱ्या नकाशांतही पूर्वी पाण्याची खोली निळ्याच्या छटांनी दाखविण्याची रीत होती. पुढे जपानने ती सोडली. आज तेथील पूरनकाशावर अर्ध्या मीटरपेक्षा कमी पाणी फिक्या पिवळ्याने दाखवितात, मग खोलीप्रमाणे रंग गुलाबी होत जातो आणि अखेरीस जांभळा. पाण्याला पाण्याचा रंग नाकारण्यामागे सयुक्तिक कारणे होती: निळ्याच्या चार छटा एकमेकींपासून ओळखणे कठीण, वृद्ध डोळ्याला तर अधिकच, आणि ज्या नकाशात नदी आधीच निळी आहे तेथे उद्या घरात शिरणारे पाणीही निळे दाखविले, तर ते आपल्या नेहमीच्या पात्रातले वाटते.

त्सुकुबाच्या पश्चिमेस लागूनच जोसो हे शहर आहे. 10 सप्टेंबर 2015 रोजी, अतिवृष्टीने फुगलेल्या किनू नदीचा बांध तेथे दुपारी फुटला. सुमारे चाळीस चौरस किलोमीटर मुलूख पाण्याखाली गेला, चार हजारांवर माणसे हेलिकॉप्टरांनी आणि नावांनी सोडवावी लागली, आणि नगराच्या कारभाराची इमारतही पाण्याने वेढली गेली. नकाशाखात्याने आपल्या दाराशीच घडलेल्या या आपत्तीत वरून छायाचित्रे घेऊन पाण्याचा विस्तार कागदावर उतरविला.

परंतु असे पाणी येण्याआधी घरातून केव्हा निघावे हे नकाशा सांगत नाही, ते इशाऱ्याचा रंग सांगतो. सध्या जपानमध्ये आपत्तीच्या इशाऱ्याच्या पाच पायऱ्या आहेत: पांढरी, पिवळी, तांबडी, जांभळी आणि काळी. तांबडी पायरी आली की वृद्धांनी आणि आजाऱ्यांनी निघावयाचे. जांभळी आली की धोक्याच्या जागेतील सर्वांनी. आणि काळ्या पायरीची वाट पाहावयाचीच नाही, कारण तिचा अर्थ संकट येऊन ठेपले असा आहे. आपल्या हवामान खात्याच्या व्यवस्थेत हिरवा, पिवळा, केशरी आणि तांबडा असे चार रंग आहेत व तांबडा शेवटचा. त्सुकुबात राहणारे मराठी कुटुंब तांबड्याला अखेरचा इशारा समजले, तर घरातल्या आजी वेळेवर बाहेर पडतील हा लाभच. परंतु जपानी पायऱ्यांना सरावलेला मनुष्य रत्नागिरीस येऊन तांबड्यानंतर जांभळ्याची वाट पाहत बसला, तर तो रंग कधीच येणार नाही.

महाराष्ट्रात नदीकाठच्या जमिनीवर पाटबंधारे खाते दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी पूररेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचे ते निषिद्ध क्षेत्र, आणि निळीपासून लालपर्यंतचे ते नियंत्रित क्षेत्र. रंगांची ही योजना सुटसुटीत आहे, तिच्यावर घरांचे परवाने आणि जमिनींचे भाव अवलंबून असतात, आणि चिपळुणात 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर या रेषांवरून केवढा वाद माजला हे सर्वश्रुत आहे. परंतु या रेषा नकाशावर असतात, आणि नकाशा कचेरीत असतो. जपानने 2006 पासून रस्त्यातील विजेच्या खांबांवर पाणी कोठवर चढू शकेल त्याच्या पाट्या लावण्याचा उपक्रम हाती घेतला. रेषा कागदावरून उतरून माणसाच्या खांद्याजवळ येऊन उभी राहते. कोल्हापुरात अशी रेषा आकड्याच्या रूपाने लोकांच्या तोंडी आहेच: राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते, आणि पावसाळ्यात पंचगंगेकाठच्या पेठांत दिवसातून अनेकदा एकमेकांना विचारले जाते ते फूट. तो आकडा, निळी-लाल रेषा आणि खांबावरची खूण या तिन्ही गोष्टी एका जागी आणण्यास रंगाचा एक डबा, एक पट्टी आणि महापालिका व पाटबंधारे खाते यांचा एकत्रित हुकूम पुरेसा आहे. आणि निळा पट्टा अंधारात काळा दिसतो म्हणून त्याच्याशेजारी पांढरा पट्टा ओढण्याची तजवीज त्याच हुकुमात करून ठेवावी लागेल, कारण पंचगंगेचे पाणी पुष्कळदा रात्रीच चढते.